क्रिप्टोत पैसे बुडाले तरी तक्रार करता येते : जालन्यातील समाजबांधवांसाठी कायद्याची माहिती

‘क्रिप्टो सरकारमान्य नाही, मग पोलिसांत कोणत्या तोंडाने जायचं?’ जालना जिल्ह्यात काम करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकावा लागतो. विचारणारा बहुतेक वेळा स्वतःबद्दल बोलतच नाही. ‘आमच्या एका पाहुण्याचं असं झालंय’ अशी सुरुवात होते आणि दहा मिनिटांनी कळते की पाहुणा समोरच बसला आहे. कोणी मोसंबीचे आलेले पैसे घातलेले असतात, कोणी स्टील कारखान्यातून सुटल्यावर मिळालेला फंड, कोणी बचत गटातून काढलेले कर्ज. पैसे गेल्याचे दुःख असतेच, पण त्याहून मोठी भीती ही की आपणच काहीतरी बेकायदा केले आहे, तक्रार केली तर आपल्यालाच आत टाकतील. या भीतीपोटी माणसे गप्प बसतात. ज्याने पैसे नेले त्याला हेच हवे असते.

म्हणून आधी हीच गोष्ट स्पष्ट करू. भारतात क्रिप्टोकरन्सी हे कायदेशीर चलन नाही. दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असे बंधन नाही आणि रिझर्व्ह बँक त्याची हमी घेत नाही. पण ते विकत घेणे किंवा जवळ ठेवणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही देशात नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी व्याख्या करून नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जाऊ लागला. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा धंदा करणाऱ्या कंपन्या मनी लॉन्डरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकाची ओळख ठेवावी लागते.

आता याचा उलटा अर्थ लावणारेही आहेत. ‘सरकार टॅक्स घेतं म्हणजे मान्यताच झाली की’ हे वाक्य एजंटांच्या तोंडी हमखास असते. कर लावणे ही हमी नव्हे. नोंदणी झाली म्हणजे कंपनी बुडणार नाही असेही नव्हे.

जालन्याला हा विषय नवा नाही. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील एक क्रिप्टो प्रकरण राज्यभर गाजले. गुंतवणुकीचे काम पाहणाऱ्या एका व्यक्तीने आपल्याला धमकावल्याची तक्रार केली आणि एका माजी क्रिकेटपटूसह काही जणांवर गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की गुंतवणुकीत फसवणूक आमचीच झाली. कोणाचे खरे, हे न्यायालय ठरवील. त्यात आम्ही पडत नाही. पण अशा वादातून एक गोष्ट सगळ्यांनी शिकण्यासारखी आहे. बुडालेला पैसा स्वतःच्या बळावर वसूल करायला माणूस निघाला, की फिर्यादीच्या जागेवरून तो आरोपीच्या जागेवर जाऊ शकतो. समोरच्याला कोंडून ठेवणे, जिवाची धमकी देणे, धाक दाखवून पैसे किंवा जमीन लिहून घेणे हे भारतीय न्याय संहितेत वेगवेगळे गुन्हे आहेत. मुळात तुमचे पैसे येणे होते, हा त्यावर बचाव होत नाही. चार नातेवाईक घेऊन त्याच्या दारात जाणे आपल्याकडे रीत समजली जाते. कायद्याच्या नजरेत तो धोक्याचा रस्ता आहे.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे समजल्याशिवाय कायदा कुठे लागू होतो ते कळणार नाही. बचत गटाचे उदाहरण घेऊ. समजा गटात दहा बायका आहेत आणि हिशेबाची वही एकट्या सचिवाकडे न राहता दहाही जणींकडे त्याच वहीची हुबेहूब प्रत आहे. कोणी शंभर रुपये भरले की दहाही वह्यांत नोंद होते. शिवाय प्रत्येक पानाच्या सुरुवातीला मागच्या पानाची एक खूण लिहिलेली असते. ही खूण मागच्या पानावरच्या मजकुरातूनच गणिताने तयार होते. मागच्या पानावरचा एक आकडा जरी बदलला तरी खूण जुळत नाही, आणि लबाडी उघडी पडते. या खुणेला हॅश म्हणतात. ब्लॉकचेन ही अशीच वही, फक्त ती जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. बिटकॉइन २००९ मध्ये याच पद्धतीवर सुरू झाले आणि त्याच्या नाण्यांची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही असे त्याच्या रचनेतच ठरलेले आहे.

नाणे कोणाचे, हे एका गुप्त किल्लीवरून ठरते. ती बारा किंवा चोवीस शब्दांच्या रूपात कागदावर लिहून ठेवता येते. किल्ली ज्याच्या हातात, नाणे त्याच्या ताब्यात. तुमच्या मोबाइलमध्ये अॅप आहे पण किल्ली तुमच्याकडे नाही, तर नाणे तुमच्या नावावर दिसत असले तरी ताबा दुसऱ्याकडे आहे.

म्हणजे ब्लॉकचेन वहीतल्या नोंदीला जपते, माणसाला जपत नाही. तुम्ही फसून स्वतःच्या हाताने नाणे पाठवले, तर वही ते इमानदारीने नोंदवून घेते आणि मग ती नोंद कोणालाच मागे फिरवता येत नाही. बँकेत निदान मॅनेजर असतो, तक्रारीचा अर्ज असतो. इथे फिर्याद ऐकणारा कोणी नसतो, म्हणून बाहेरून फौजदारी कायद्याला यावे लागते.

तंत्रज्ञान वाईट नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपली मुले यातून दूर पळतील. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात प्रशासनाने सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर करण्याचा प्रकल्प हाती घेतला. प्रमाणपत्र खरे की बनावट हे कोणालाही पडताळता यावे, हा हेतू. जात पडताळणीसाठी चपला झिजवणाऱ्या आणि बनावट प्रमाणपत्रावर आपली जागा दुसऱ्याने घेतलेली पाहणाऱ्या आपल्या समाजाला अशा वहीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

परंतु जालन्यात, आंबेडकर जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीपासून ते लग्नाच्या मांडवापर्यंत ‘कॉइन’ म्हणून जे विकले जाते, त्यातल्या पुष्कळ गोष्टींना अशी वहीच नसते. एका कंपनीच्या अॅपवर आकडे वाढताना दिसतात, एवढेच. आकडे कंपनीच टाकते, कंपनीच वाढवते आणि एक दिवस अॅप बंद पडते. खरे-खोटे ओळखायची एक सोपी कसोटी आम्ही सांगतो. ‘माझ्या खरेदीचा ट्रान्झॅक्शन हॅश द्या, मी तो सार्वजनिक वहीवर तपासून बघतो’ असे म्हणा. खरी नोंद असेल तर लांबलचक अक्षरांचा आकडा मिळतो आणि कोणाच्याही मोबाइलवर तो उघडता येतो. समोरचा माणूस ‘आपला कॉइन अजून लिस्ट व्हायचाय’ म्हणाला, तर तिथूनच उठावे. हॅश मिळाला म्हणजे योजना खरी असे मात्र समजू नका. खरी नाणी वापरूनही फसवणूक होते, त्याचे उदाहरण पुढे येईल.

एक युक्तिवाद आमच्या कानावर आला तेव्हा वाईट वाटले. ‘बाबासाहेबांनीसुद्धा नाण्यांची संख्या मर्यादित ठेवा असंच सांगितलं होतं’ असे सांगून एखादा कॉइन गळ्यात मारायचा. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ चा. त्यानंतर हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडले, की नवे रुपये पाडणे बंद करा आणि टांकसाळ जशी जनतेला बंद आहे तशी सरकारलाही बंद करा. चलन हाती असलेल्या सत्तेवर बंधन हवे, कारण मनमानीने नाणी वाढली की गरिबाच्या मजुरीची किंमत घटते, ही त्यामागची चिंता. आणि ते बंधन त्यांना कायद्याने घातलेले, जाहीर आणि सर्वांना सारखे हवे होते. दुबईत बसून अॅपवर वाटेल तेवढे कॉइन छापणाऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचा आधार नाही.

आता कायदा. पैसे तीन वाटांनी जातात आणि प्रत्येक वाटेचा गुन्हा वेगळा.

पहिली वाट चोरीची. तुमच्या नकळत कोणी किल्ली मिळवली, खात्यात शिरला, नाणी नेली. आपल्या पंचशीलातले दुसरे शील ‘अदिन्नादान’ म्हणजे न दिलेले घेणे, ते नेमके हेच. इथे जुन्या कायद्यात एक अडचण होती. चोरी जंगम मालमत्तेची होते आणि भारतीय दंड संहितेच्या २२ व्या कलमाने जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू असे म्हटले होते. क्रिप्टो हाताला लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम २(२१) मध्ये ‘मूर्त’ हा शब्द गाळला आणि जमीन व जमिनीला जोडलेल्या गोष्टी सोडून ‘प्रत्येक प्रकारची मालमत्ता’ असे केले. एक शब्द गेला आणि दार मोठे झाले. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरली तर कलम ६६ क, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवले तर ६६ ड. दोन्हींना ३ वर्षांपर्यंत कैद.

दुसरी वाट विश्वासाने सोपवलेल्या नाण्यांची. तुम्ही एक्स्चेंजवर नाणी ठेवली आणि सांभाळणाऱ्यानेच ती अडवली किंवा वापरून टाकली. याला कलम ३१६, फौजदारी न्यासभंग. पण इथे मालमत्ता आणि विश्वस्त हे दोन शब्द सिद्ध करावे लागतात. वझीरएक्स या एक्स्चेंजवर १८ जुलै २०२४ रोजी सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. नंतर सगळ्याच ग्राहकांची खाती गोठली. एका ग्राहक महिलेने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. तिची नाणी हल्ल्यात गेलेल्या प्रकारची नव्हतीच, तरी तिलाही ती काढता येत नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने म्हटले की क्रिप्टोकरन्सी ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्ताच्या नात्याने दुसऱ्यासाठी धारण करता येते. हा निकाल फौजदारी खटल्यातला नाही, पण आमच्या मते फौजदारी वकिलांना तो फार उपयोगी पडेल.

तिसरी वाट फसवणुकीची, आणि आमच्याकडे येणारी जवळजवळ सगळी माणसे याच वाटेने गेलेली असतात. इथे वस्तू न दिलेली नसते, माणसाने ती स्वतःच्या हाताने दिलेली असते, पण खोटे ऐकून. कलम ३१८. मालमत्ता देण्यास लबाडीने भाग पाडले तर उपकलम ४ खाली ७ वर्षांपर्यंत कैद. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुने, सर्वांच्या तोंडी असलेले ४२० कलम लागते. इथे क्रिप्टो मालमत्ता आहे की नाही, हा वाद फारसा आड येत नाही, कारण तुम्ही दिले ते रुपये होते आणि रुपया मालमत्ता आहे यावर कोणाचे दुमत नाही.

पोलीस ठाण्यात मात्र ‘हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा’ हे उत्तर मिळण्याची शक्यता असते. धंद्यात तोटा होणे हा गुन्हा नाही, हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. फसवणूक ठरायला देणाऱ्याची नियत सुरुवातीपासून खोटी होती, हे दाखवावे लागते. ते कसे दाखवणार? दरमहा ठरावीक परताव्याची हमी दिली होती का? तेच आश्वासन वीस जणांना दिले होते का? जुन्यांना मिळालेले पैसे नव्यांकडून घेतलेल्या पैशांतून आले का? ज्या खाणीचा किंवा ट्रेडिंगचा दाखला दिला ती होती तरी का? म्हणूनच एकट्याने जाण्यापेक्षा त्या योजनेतले दहा जण मिळून गेलेले बरे. एकाची गोष्ट नशिबाची वाटते, दहा जणांची तीच गोष्ट पद्धत म्हणून दिसते.

महाराष्ट्राचा आणखी एक कायदा याच कामाचा आहे आणि तो आपल्या लोकांना फार कमी ठाऊक आहे. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा कायदा, ज्याला वकील मंडळी एमपीआयडी म्हणतात. ठेव घेऊन परत न करणाऱ्या वित्तीय आस्थापनेच्या चालकांना ६ वर्षांपर्यंत कैद, आणि मुख्य म्हणजे त्यांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची सोय त्यात आहे. ‘ठेव’ या शब्दाची व्याख्या त्यात रुंद आहे. पैसे किंवा मौल्यवान वस्तू घेऊन ती पैशाच्या, वस्तूच्या वा सेवेच्या रूपात परत करण्याचे कबूल केले तरी ती ठेवच. २२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६३ मून्स प्रकरणात या व्याख्येचा असाच व्यापक अर्थ घेतला. ‘आम्ही ठेव घेतली नाही, कॉइन विकला’ या पळवाटेला त्यातून बऱ्यापैकी उत्तर मिळते. तक्रार देताना ‘एमपीआयडी लावा’ असे लेखी मागावे.

कागदावर संरक्षण किती आणि हाती किती लागते, हे पाहायचे तर पुण्याचे गेनबिटकॉइन प्रकरण पाहावे. खरी नाणी वापरून झालेली फसवणूक, ती हीच. बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइन परत घ्या, अशी योजना. नंतर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे स्वतःचे टोकन हातात ठेवले गेले. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले, मुख्य आरोपी अमित भारद्वाज पकडला गेला, पुढे जामिनावर सुटला आणि जानेवारी २०२२ मध्ये मरण पावला. ईडीच्या म्हणण्यानुसार गोळा केलेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ च्या भावाने सुमारे ६,६०० कोटी रुपये होती. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठहून अधिक ठिकाणी छापे टाकले, त्यांत मराठवाड्यातले नांदेडही होते. त्या छाप्यांत २३.९४ कोटींची क्रिप्टो मालमत्ता जप्त झाल्याचे सांगण्यात आले. ६,६०० कोटींशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

पण या प्रकरणातली सर्वांत विदारक गोष्ट दुसरीच आहे. क्रिप्टो कळणारे कोणी खात्यात नसल्याने पुणे पोलिसांनी दोन खासगी तज्ज्ञांची मदत घेतली. त्यातले एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी याच दोघांना अटक केली. आरोप असा की तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली आणि पोलिसांना शिल्लक कमी दाखवणारे बनावट स्क्रीनशॉट दिले. जप्त केलेली मोटारसायकल ठाण्याच्या आवारात गंजत का होईना उभी राहते. जप्त केलेल्या वॉलेटची किल्ली एकाने वाचली की मुद्देमाल कोणाचा राहिला, सांगता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ झडती-जप्तीचे व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचे करते. आमचे म्हणणे असे की क्रिप्टोच्या जप्तीत वॉलेटचा पत्ता, हॅश आणि त्या क्षणीची शिल्लक पंचनाम्यातच लिहून घेतली पाहिजे. पत्ता लिहिलेला असेल तर नंतर नाणी कुठे गेली, हे सार्वजनिक वहीच सांगते.

त्याच संहितेचे कलम १०७ फसलेल्यांसाठी महत्त्वाचे आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते आणि ती पीडितांत वाटण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोपवू शकते. वाटपाला ६० दिवसांची मुदत आहे. पण वाटायला आधी काहीतरी सापडले पाहिजे, आणि सापडते ते ज्याचा माग आहे ते. बँकेतून गेलेल्या पैशाला माग असतो. फोनपेला असतो. मंठ्याच्या हॉटेलात कोणाच्या हातात दिलेल्या दोन लाख रोख रकमेला माग नसतो, आणि या योजनांत रोख का मागतात याचे उत्तरही तेच.

आता ज्या भागाबद्दल बोलायला आपल्याकडे कोणी तयार नसते, तो. या योजना अनोळखी माणसाने आणलेल्या नसतात. आणतो तो मावसभाऊ, विहारातला सहकारी, गटाची अध्यक्षताई, शिकवलेले सर. त्यांच्या शब्दावर लोक पैसे ठेवतात. त्यांचे स्वतःचेही पैसे बुडालेले असतात आणि त्यांनी वर दहा जणांकडून कमिशनही घेतलेले असते. ते पीडित की आरोपी? कायदा इथे दोन प्रश्न विचारतो. खोटे आहे हे माहीत असताना सांगितले का? आणि योजना चालवण्यात तुमचा हात होता का? ज्याला खरे वाटले आणि जो स्वतःही बुडाला, त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा सिद्ध होणे अवघड. पण एमपीआयडीत व्यवसाय चालवण्यास जबाबदार असलेली कोणतीही व्यक्ती येते, आणि माणसामागे माणूस जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा तर अशा योजनेत सभासद होण्यालाही मनाई करतो. म्हणून मधल्या माणसाने घाबरून फोन बंद करून पुण्याला निघून जाणे, हे सर्वांत वाईट. त्याच्याकडे वरच्यांचे नंबर, खाते क्रमांक, झूम मिटिंगचे निरोप असतात. तो वकिलाचा सल्ला घेऊन पहिला तक्रारदार झाला तर पुढचा तपास सोपा होतो आणि त्याचीही बाजू नोंदली जाते. कमिशनचा हिशेब त्याने लपवू नये. आणि समाजाने त्याला गावकीतून उठवण्याआधी वरचा कोण, हे त्याच्याकडून काढून घ्यावे.

तरुणांसाठी एक वेगळा इशारा. ‘तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो’ असे सांगणारे भेटतात. त्या खात्यात फसवणुकीचे पैसे येतात, त्यातून यूएसडीटीसारखी नाणी घेऊन बाहेर जातात. पोलिसांच्या साखळीत पहिले नाव खातेदाराचे निघते. खाते कलम १०६ खाली गोठते, आणि त्याच खात्यात शिष्यवृत्ती येत असेल तर तीही अडकते. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हे आडवे आले की मग आईवडील आमच्याकडे येतात.

पैसे गेल्याचे लक्षात आले की पहिला फोन १९३० या क्रमांकाला. रुपये अजून कोणत्यातरी बँक खात्यात असतील तर ते थांबवता येतात. एकदा त्याची नाणी होऊन परदेशी वॉलेटमध्ये गेली की काम कठीण. इथे तासांचा हिशेब असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावरून पोलीस परत पाठवू शकत नाहीत. कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात नोंद करता येते, आणि ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही केली की चालते. नोंद नाकारली तर लेखी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. पैसे मागायला गेल्यावर चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. १९९० पासून बौद्ध धर्मांतरितांचा अनुसूचित जातींत समावेश असल्याने अट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आपल्याला आहे. ते त्याच फिर्यादीत घटना, वेळ, साक्षीदार यांसह लिहावे, पण जे झाले नाही ते लिहू नये. एक खोटा परिच्छेद सगळी खरी फिर्याद बुडवतो.

पुराव्याबाबत लोक नेमकी उलटी गोष्ट करतात. राग आला की अॅप डिलीट, ग्रुपमधून बाहेर, फोन विकून नवा. असे करू नका. चॅट, व्हॉइस मेसेज, पैसे पाठवल्याच्या पावत्या, अॅपवरच्या आकड्यांचे फोटो, बैठकीच्या निमंत्रणाचे पोस्टर, सगळे ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाइलचा हॅश लिहावा लागतो. वर बचत गटाच्या वहीत जी खूण सांगितली, तीच ही. ब्लॉकचेन आणि न्यायालय, दोघांनाही शेवटी तीच खूण विश्वासाची वाटली, याची आम्हाला गंमत वाटते. रोख दिली असेल तर त्या दिवशी बँकेतून काढल्याची नोंद, सोबत असलेल्याचे नाव आणि नंतर समोरच्याने ‘मिळाले’ म्हणून केलेला मेसेज, एवढ्यावरही फिर्याद उभी राहू शकते.

राहिला प्रश्न उशिराचा. ‘२०२२ साली गेले, आता काय उपयोग?’ असे बरेच जण म्हणतात. ज्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला न्यायालयाला ३ वर्षांची मुदत असते. पण ३ वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला अशी मुदत नाही. ४२० ला ७ वर्षे शिक्षा आहे, एमपीआयडीला ६ वर्षे. म्हणजे २०२२ मध्ये गेलेल्या पैशाची फिर्याद आजही घेता येते. उशीर का झाला, एवढे मात्र पहिल्याच परिच्छेदात खरे-खरे लिहावे. लाज वाटत होती, हेही कारण लिहिता येते.